दहा फुटी बोळ आणि कॅननची १०-१८: सोलापूरची जुनी घरं टिपणाऱ्यांसाठी एक लेन्स

साखर पेठेतला एखादा बोळ घ्या. रुंदी दहा फूट. समोर वीस फूट दर्शनी भागाचं दुमजली घर, वर लाकडी गॅलरी, खाली दोन पायऱ्या आणि दिंडी दरवाजा. तुमची पाठ पलीकडच्या भिंतीला टेकलेली. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती नेहमीची १८-५५ लेन्स (आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद) अगदी १८ वर आणली तरी आडवे साडेबारा फूटच मावतात. दरवाजा घेतला तर खिडकी जाते, खिडकी घेतली तर गॅलरीचा टोकाचा ब्रॅकेट जातो. हिशेब सोपा आहे. सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपची, रुंदी २२.३ मिलिमीटर, तिला लेन्सच्या आकड्यानं भागायचं आणि भिंतीपर्यंतच्या अंतरानं गुणायचं. १८ च्या जागी १० घातले की बावीस फूट येतात. घराची अख्खी रुंदी बसते, वर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा फूट-फूट. उंचीचं रडगाणं वेगळं आहे, ते पुढं येईलच. कॅननची ईएफ-एस १०-१८ मी घेतली ती या एका गणितापायी.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. जुन्या घराच्या जागी अपार्टमेंट करायचं ठरलं की आधी मापं घ्यायला मला पाठवतात. टेप, वही, टॉर्च आणि हल्ली कॅमेरा. मापं झाली की घरच्यांना विचारून फोटो काढते. काही महिन्यांनी त्याच जागेवर पार्किंगचे खांब कुठं येणार ते माझ्याच कागदावर ठरतं आणि पगारही त्याचाच मिळतो, तेव्हा जुन्या वास्तूंसाठी गळा काढायचा हक्क मला फारसा नाही. पण घर पडल्यावर ऑफिसात उरतो तो चार रेघांचा प्लॅन. त्यात भिंतीची जाडी असते, दाराच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीचं कोरीव काम नसतं. म्हणून या लेन्सला मी एकच कसोटी लावली: घर गेल्यावर, ते कधीच न पाहिलेल्या सुताराला किंवा त्या घरच्या नातवाला, फोटोवरून ते घर वाचता येईल का? कोपऱ्यातल्या शार्पनेसच्या चाचण्या ज्यांना करायच्या त्यांनी करून ठेवल्यात, त्या नेटवर बघा.

लेन्सची ओळख थोडक्यात. २०१४ मध्ये आलेली, कॅननच्या छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरसाठी बनवलेली. वजन २४० ग्रॅम. फिल्टर ६७ मिलिमीटरचा. छिद्र १० वर एफ ४.५, १८ वर एफ ५.६, म्हणजे उजेडाच्या बाबतीत जरा कंजूषच. माउंट, म्हणजे बॉडीला अडकणारी कडी, प्लॅस्टिकचा. हात हलला तर सावरणारी आयएसची सोय आहे आणि कंपनी ती चार स्टॉपची सांगते, म्हणजे शटर सोळापट जास्त वेळ उघडं राहिलं तरी चालावं. मी ती कॅननच्याच २०० डी कॅमेऱ्याच्या बॉडीवर वापरते. दोन्ही मिळून सातशे ग्रॅमच्या आत, त्यामुळे टेपच्या पिशवीत बसतं आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, शिडीनं चढताना गळ्यात लोंबकळलं तरी जीव घाबरत नाही. नवी पेठेतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या धाटणीचा कॅमेरा, घेतला, तेव्हा त्याची ही लेन्स मी सेकंडहँड उचलली. लग्नात तिचा उपयोग स्टेज आणि पंगतीपुरता, त्यामुळे फार झिजलेलीही नव्हती.

आता उंची. बोळात पाच फुटांवर कॅमेरा धरा, अगदी समपातळीत, उभ्या फ्रेममध्ये, १० वर. दहा फुटांवरच्या भिंतीवर डोळ्याच्या वर साधारण अकरा फूट मावतात. एकूण सोळा. दुमजली घर मात्र बावीस फुटांपर्यंत जातं. मग सगळेच करतात ते करायचं, कॅमेरा वर उचलायचा. तो उचलला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडं झुकतात आणि घर मागं रेललेलं दिसतं. इन्स्टाग्रामला चालतं. सुताराला चालत नाही, कारण वरच्या मजल्याची खिडकी खालच्यापेक्षा खरोखरच लहान आहे की फोटोत झाली, ते कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, पण वरचा भाग ताणला जातो आणि दोन्ही कडा कापल्या जातात. यासाठीच बनवलेली शिफ्ट लेन्स कॅननकडं आहे, टीएस-ई १७. ८२० ग्रॅमची आणि लाखाच्या पुढची. ती आपण दुरून नमस्कार करून सोडून द्यायची.

यावर माझा उपाय फुकटचा आहे: समोरच्या घरात जायचं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कॅमेरा जमिनीपासून बारा फुटांवर येतो. तिथून १० वर, उभ्या फ्रेममध्ये, समपातळीत धरला की खाली एक फुटापासून वर तेवीस फुटांपर्यंत सगळं येतं. जोत्यापासून कठड्यापर्यंत, एकही रेष न झुकता. रुंदीला पंधरा फूटच मिळतात म्हणून दोन फोटो घ्यायचे, मधे भरपूर एकावर एक येतील असे, आणि घरी जोडायचे. ढीगभर सेटिंग्ज शिकण्यापेक्षा समोरच्या काकूंशी बोलायला शिकणं जास्त कामाचं, हे या लेन्सच्या माहितीपत्रकात कुठं लिहिलेलं नाही.

"काकू, जरा तुमच्या गॅलरीतून समोरच्या घराचा फोटो काढू का?"

"त्येंच्या घराचा? आमच्या घराचा का नाही मग?"

"तुमचाही काढते की."

"पाडायचं तर हाय आमचंबी. कशाला काढायलीस?"

असं म्हणत म्हणत त्या गॅलरीतले वाळत घातलेले टॉवेल काढून जागा करून देतात आणि खाली जाता जाता चहा टाकतात. सोलापुरात नाही म्हणणारं माणूस मला क्वचितच भेटलं. फक्त तिकडी (ट्रायपॉड) उभी करायची नाही. तीन पायांवर काहीही उभं केलं की लोकांना वाटतं रस्ता रुंदीकरणाची मोजणी आली, आणि मग अख्ख्या गल्लीला खुलासा देत बसावं लागतं. माझ्या बाबतीत तर खुलासा आणखी अवघड, कारण मोजणीवाली मी आहेच.

तिकडीशिवाय काम होतं ते आयएसमुळं. या लेन्सची माझ्या लेखी खरी कमाई घराच्या आत आहे. सोलापूरचं जुनं घर आतून कसं असतं ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बाहेरून दगडमातीची दीड-दोन हात जाड भिंत, तिला मोजक्याच खिडक्या. दरवाज्यातून आत गेलं की ढाळज, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकायची जागा. मग चौक, त्याच्या बाजूंनी सोपे, म्हणजे चौकाकडं उघड्या पडव्या. सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, आणि त्याच्यावर मातीचं जाड माळवद. खोली फुटांत नाही, खणांत सांगतात; दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. आत माजघर, त्यात देवळ्या (कोनाडे), भिंतीत धान्याचं बळद. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना या माजघरात घाम येत नाही, आणि उजेडही येत नाही. माळवदातल्या झरोक्यातून पडणारा एक कवडसा, बाकी अंधार.

अशा ठिकाणी १० ते १४ च्या दरम्यान, एफ ५.६ ला, आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची क्षमता) ८०० किंवा १६०० ठेवून, शटर एक-अष्टमांश सेकंद. खांबाला खांदा टेकवायचा, श्वास रोखायचा. हातात धरूनही फोटो स्थिर येतो. फोकसची मोटर आवाज करत नाही, त्यामुळं शेजारी झोपलेल्या आजोबांची वामकुक्षीही शाबूत राहते. फ्लॅश मी वापरत नाही, कारण फ्लॅश मारला की भिंतीचं पोत सपाट होतं. हातानं लिंपलेल्या भिंतीवर बोटांचे फराटे असतात, घाणीत मळलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर घोटाईची चमक असते. ते झरोक्याच्या तिरक्या उजेडातच दिसतं.

आणि इथंच या लेन्सची मोठी खोड आहे, जी कुठल्याही इतक्या रुंद लेन्सची असणार. ती घर फुगवते. १० वर जवळचं फार मोठं आणि लांबचं फार लांब दिसतं. कडेच्या वस्तू तर चक्क ताणल्या जातात: समोर गोल खांबांची रांग असेल तर फ्रेमच्या टोकाचा खांब मधल्या खांबाच्या जवळजवळ दीडपट जाड येतो. खांब सारखे, सुतार तोच. १६ वर आणलं की हाच फरक सव्वापटीच्या आत येतो. हे लेन्सचं वैगुण्य नाही, सपाट कागदावर एवढा रुंद कोन पसरायचा म्हटलं की भूमिती तेवढी किंमत घेतेच.

मी दक्षिण कसब्यातल्या एका घरात एकाच सोप्याचे दोन फोटो मुद्दाम काढले. एक दारात उभं राहून १० वर. दुसरा चौकाच्या पलीकडून, अंतर वाढवून, १६ वर. दोन्ही ८ × १२ मध्ये छापून आणले आणि घरच्या आजींसमोर ठेवले. पहिला फोटो बघून त्यांचा नातू खूश झाला. एखाद्या हॉटेलची लॉबी वाटावी असा तो दिसत होता. आजींनी तो हातात घेतला, जरा लांब धरला आणि खाली ठेवला. "ह्यो आमचा सोपा न्हवं. आमच्या सोप्यात दोन पाळणे मावत नव्हते." दुसरा फोटो बघून मात्र त्या बोट ठेवून सांगायला लागल्या: हा खांब मामंजींनी बदलला, इथं खुंटीला कंदील, इथं बाळंतिणीची खाट.

तेव्हापासून माझा नियम ठरला. आधी शक्य तितकं मागं जायचं आणि १४ ते १८ च्या दरम्यान फोटो घ्यायचा. १० वर फक्त तिथं, जिथं दुसरा इलाजच नाही: बोळ, जिना, न्हाणीघर, तळघर. आणि प्रत्येक जागेच्या एका तरी फोटोत काळे-पांढरे पट्टे मारलेली एक मीटरची काठी उभी करायची. लेन्सनं कितीही फुगवलं तरी काठी मीटरभरच असते, वाचणारा त्यावरून खण मोजू शकतो. जुन्या घराची खोली प्रत्यक्षात केवढी असते याचा डोळ्याला अंदाज हवा असेल, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे, तिथं एकदा जाऊन उभं राहा. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा, खरं सांगायचं तर, इतिहासाआधी भिंतीची जाडी बघितली.

जवळून बघायलाही ही लेन्स बरी आहे. २२ सेंटीमीटरवरून फोकस होतो आणि १८ वर साधारण पंधरा सेंटीमीटरचा तुकडा फ्रेमभर येतो. मला ही सोय घराचं वय काढायला लागते. कागदपत्रं बहुतेकांकडं नसतात. "आजोबांच्या आजोबांनी बांधलं" यापलीकडं माहिती जात नाही. पण सामान बोलतं. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली, आणि तिच्या डब्यांतून बरंच काही आलं. शहाबादी फरशी आपल्या शेजारचीच, त्याच लोहमार्गावरची. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये काढला, त्यामुळं मूळचंच मंगलोरी कौल असलेलं छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, तसंच लोखंडी गर्डरवरही कधी कधी विलायती कारखान्याचं नाव सापडतं. ओतीव बिडाचे कठडे, रंगीत काचांचे अर्धगोल, नंतर सिमेंट, गोलाई दिलेले गॅलरीचे कोपरे आणि कपाळावर चुन्यात उठवलेलं साल. कुठं शके, कुठं इसवी सन. नावं मराठीत, कानडीत, तेलुगूत. एकाच गल्लीत तिन्ही लिपी सापडणं हे आपल्या गावाचं वैभव आहे आणि ते पाटीपाटीनं उतरतंय. घर पाडताना सागवान घनफुटावर विकलं जातं, दगड पायाच्या भरावात जातो. नावाची पाटी मात्र बहुतेक वेळा राडारोड्यातच जाते. तेवढी तरी फोटोत घ्या.

किल्ल्याच्या भिंतींसाठीही ही जवळची सोय कामाची. भुईकोट किल्ला बहामनी काळातला, पण त्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. ते शोधत फिरायला सकाळ पुरत नाही. तिथं मोकळं आवार आहे, त्यामुळं १० ची गरज दरवाज्याच्या आतल्या वळणांपुरतीच. सिद्धेश्वर तलावावर तर या लेन्सनं सगळेच सारखा फोटो काढतात, निम्मं पाणी आणि निम्मं आभाळ. त्यात मी भर घालत नाही.

जिथं ही लेन्स अजिबात नेऊ नये अशाही जागा आहेत. पहिली इंद्रभुवन. रावबहादूर मल्लप्पा वारद यांनी बांधलेला हा महाल, आज महापालिकेचा. समोर जागा ऐसपैस. तिथं १० लावली की ती भरजरी इमारत मधे चिमुकली होऊन बसते आणि पुढं एकरभर फरशी. साधी १८-५५ घ्या, ३५ च्या आसपास ठेवा, लांब जा. पुतळे आणि नक्षीकामासाठी तर झूमच हवी.

दुसरी, गिरण्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्या मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. गावाची घड्याळं यांच्या भोंग्यांवर लागायची असं घराघरात ऐकलेलं. आज जुनी मिल कंपाउंड हे पत्त्यातलं नाव उरलंय. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात बंद पडल्या. गिरणीची वास्तू टिपायची तर तिचं करवती छप्पर टिपायला हवं. काचा उत्तरेकडं तोंड करून, म्हणजे मागावर दिवसभर सारखा उजेड पडेल आणि ऊन पडणार नाही. ते छप्पर उंचावरून आणि लांबून दिसतं. चिमणीचंही तेच, १० वर ती काडेपेटीतल्या काडीएवढी होते. गिरण्यांसाठी मी ५५-२५० घेऊन एखाद्या अपार्टमेंटच्या गच्चीवर चढते, मग ती इमारत आमच्याच ऑफिसची का असेना.

चिमणीवरून आठवलं. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा गावातला प्रत्येक मोबाइल त्या दिशेनं उगारलेला होता. काही सेकंदांत ती खाली आली आणि दिवसभर प्रत्येकाच्या स्टेटसला तीच. ती चिमणी जुनी नव्हती, वारसा वगैरे नव्हती. त्याच सुमाराला पेठांमधून जी माळवदं उतरवली जात होती, त्यांच्यासाठी कुणी मोबाइल काढल्याचं मला दिसलं नाही. आवाज होत नाही ना त्यांचा. चार गडी, दोन पहारी, एक ट्रॅक्टर, आणि आठवड्यात जागा साफ.

घरमालकांना दोष देणारी पोस्ट वाचली की माझं डोकं फिरतं, म्हणून हे इथंच लिहून टाकते. माळवद दर पावसाळ्याआधी नीट करावं लागतं. त्यासाठी पांढरी माती हवी, ती आणणारं कुणी राहिलेलं नाही. टाकणारे गवंडी म्हातारे झाले. एका घरात सात हिस्से, त्यातले तीन पुण्यात. गाडी लावायला जागा नाही. वाळवीनं तुळई पोखरलेली. अशा घरात राहून वारसा जपा म्हणणं सोपं, आणि ते बहुतेक वेळा टाइल्सच्या फ्लॅटमधून म्हटलेलं असतं. फोटो काढताना मी हे मनात धरते. पडकी भिंत, लोंबणारी वायर, पत्र्याचं ठिगळ, सगळं येऊ देते. देखणा कोपरा शोधून तेवढाच काढला तर घर का पडलं तेच पुसलं जातं. रुंद लेन्सचा इथं फायदाच होतो, तिच्यातून काही लपत नाही.

उन्हाचं सांगायलाच हवं, कारण सोलापुरात लेन्सइतकंच ऊनही बघून घ्यावं लागतं. दसऱ्यापासून माघापर्यंत उजेड तिरका आणि मवाळ, पूर्व-पश्चिम तोंडाच्या घरांना सकाळ-संध्याकाळ उत्तम. उत्तरमुखी घरांची मात्र पंचाईत. वर्षाचा बहुतेक काळ त्यांचा दर्शनी भाग सावलीत आणि मागं पांढरं आभाळ. अशा फोटोत एक तर घर काळं येतं नाही तर आभाळ करपतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो, मग उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो. या मधल्या काळातच उत्तरेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतं, तेही वरून घसरत. अशा घसरत्या उन्हात कोरीव पट्टी, उठावाची अक्षरं, चुन्यातले वेलबुट्टे असे उठून दिसतात की एरवी तिथं काही आहे याचा पत्ताही नसतो. मृगाचे ढग येण्याआधीचे तेवढे दिवस हातात असतात. भर दुपारी बारा वाजता बोळात उभं राहायची तयारी ठेवा, टोपी घाला, ताक पिऊन निघा.

धुळीचं थोडक्यात: लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. शहराच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग असलेली बरीच घरं आहेत. पुढं माग, मागं चूल. मागाच्या खोलीत हवेत सुताची बारीक तुसं तरंगत असतात आणि ती काचेवर अगदी प्रेमानं बसतात. पुढं ६७ चा साधा फिल्टर कायम लावा, आत गेल्यावर लेन्स बदलू नका, बाहेर आल्यावर ब्लोअरनं उडवा. कापडानं पुसू नका. टॉवेलच्या गावात राहून हे सांगावं लागतंय, पण खरंच, टॉवेलनं तर नाहीच.

मोबाइल पुरणार नाही का, असं विचारणारे असतातच. रस्त्यावरून, भरपूर उजेडात, पुरतो. आजकालच्या बऱ्याच मोबाइलची रुंद लेन्स हिच्यापेक्षाही रुंद असते. पण माजघरातल्या अंधारात ती रुंद लेन्सच सगळ्यात आधी हात टेकते. तुळईवरची नक्षी चिखल होते. शिवाय मोबाइल स्वतःच्या मनानं कडा सरळ करतो, रंग भडक करतो आणि नेमकं काय केलं ते सांगत नाही. कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे कसलाही हात न फिरवलेल्या, फाइलमध्ये लेन्सचा आकडा, तारीख, वेळ सगळं नोंदलेलं राहतं. १६ वर काढलाय की १० वर, हे पुढं वाचणाऱ्याला कळणं माझ्या कसोटीत फार महत्त्वाचं. तेवढं कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावून ठेवा, आणि घराची दिशा वहीत लिहा.

मग घ्यावी का? कॅननचा छोट्या सेन्सरचा डीएसएलआर आधीच घरात असेल आणि पेठांमध्ये, वाड्यांमध्ये, जिन्याखाली शिरायचं असेल तर डोळे मिटून घ्या, सेकंडहँडच घ्या. नवीन मिररलेस असेल तर तिच्यासाठी आरएफ-एस १०-१८ आली आहे, १५० ग्रॅमची; ही जुनी लेन्सही अडॅप्टरनं त्यावर चालते. फक्त इंद्रभुवन, किल्ला आणि तलाव काढायचा असेल तर पैसे वाचवा, १८-५५ पुरे. पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा छिद्राच्या कंजूषपणाचा आणि वेगळ्या विकत घ्याव्या लागणाऱ्या हूडचा, म्हणजे तिरकं ऊन अडवणाऱ्या पुढच्या झापडीचा. हूडचं नाव ईडब्ल्यू-७३सी, आपल्या उन्हात तो लागतोच.

सेकंडहँड घेताना दुकानातच या गोष्टी करून बघा. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा. आपल्याकडची हवा कोरडी, पण लेन्स कोकणातून किंवा मुंबईतून आलेली असू शकते. माउंट प्लॅस्टिकचा असल्यानं बॉडीवर बसवून हलवून बघा, खुळखुळता कामा नये. आयएस चालू करून एक-अष्टमांश सेकंदाला दुकानाच्या पाटीचा फोटो काढा आणि मोठा करून अक्षरं बघा. आणि फिल्टरच्या आट्यांवर बोट फिरवा. तिथं पोचा आला असेल तर लेन्स कधीतरी खाली पडलेली आहे, भाव पाडून मागा किंवा सोडून द्या.